कथाफलकाचे व्याकरण आणि मुक्त संगणकीय साधने

१

चित्रपटाच्या समीक्षेत पूर्ण झालेल्या कृतीचा विचार होतो. ती कृती कागदावर कशी आकाराला आली याचा विचार क्वचितच होतो. नाटकाची संहिता स्वतंत्र वाङ्मयकृती म्हणून केव्हाच मान्यता पावली आहे, आणि पटकथा त्या मान्यतेच्या उंबरठ्यावर उभी आहे. परंतु पटकथा आणि चित्रीकरण यांच्या मध्ये जी तिसरी अवस्था असते तिला मराठीत अद्याप स्थिर असे नावही मिळालेले नाही. इंग्रजीत तिला स्टोरीबोर्ड म्हणतात. प्रस्तुत विवेचनात तिच्यासाठी ‘कथाफलक’ हा शब्द योजला आहे. चित्रपटातील शॉट क्रमाने रेखाटून प्रत्येक रेखाटनाखाली संवाद, कृती आणि सूचना यांची टिपणे दिलेली चित्रमाला, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा आहे. हीच चित्रमाला, प्रत्येक चित्राला कालावधी देऊन व ध्वनी जोडून, पडद्यावर चालविली की तिला ॲनिमॅटिक म्हणतात.

ही प्रथा वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेत १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्थिरावली. सुट्या कागदांवरील रेखाटने भिंतीवरील फलकावर टाचावयाची आणि कथेचा ओघ जुळेपर्यंत ती काढून पुन्हा लावावयाची, अशी ती पद्धत होती. म्हणजे कथाफलकाचा मूळ गुण मांडणी हा नसून फेरमांडणी हा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सत्यजित राय यांचे. १९५५ साली प्रदर्शित झालेल्या ‘पथेर पांचाली’साठी त्यांनी रूढ अर्थाची पूर्ण पटकथा लिहिलीच नव्हती; शाईने काढलेली चित्रे आणि टिपणे यांतूनच तो चित्रपट प्रथम रचला गेला. ती चित्रे पुढे पॅरिस येथील सिनेमाथेक फ्रांसेज या संस्थेकडे गेली. नंतरच्या चित्रपटांसाठी त्यांनी वापरलेल्या तांबड्या कापडी बांधणीच्या वह्या तर दुकानदाराच्या हिशेबाच्या वह्यांच्या, म्हणजे आपल्याकडील चोपडीच्या, जातीच्या होत्या.

राय हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यवसायाने चित्रकार होते. महाराष्ट्रातही दादासाहेब फाळके आणि बाबूराव पेंटर हे चित्रकलेच्या वाटेनेच चित्रपटाकडे आले. ज्याच्या हातात रेषा आहे त्याला कथाफलक सुलभ. ज्याच्या हातात ती नाही त्याने काय करावे? या प्रश्नाला अलीकडे मोफत मिळणाऱ्या संगणकीय साधनांनी उत्तर देऊ केले आहे. वंडर युनिट या संस्थेचे ‘स्टोरीबोर्डर’, चित्रकारांसाठी असलेल्या ‘क्रिटा’मधील कथाफलकाची सोय आणि त्रिमित रचनेचे ‘ब्लेंडर’ ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांचा परिचय करून देणारे लेखन विपुल आहे. परंतु ही साधने वापरणाऱ्याच्या विचाराला कोणते वळण लावतात, याचे परीक्षण मात्र व्हावयाचे राहिले आहे.

२

आरंभी एका शब्दाचा घोळ दूर करणे इष्ट होय. या साधनांना इंग्रजीत ‘फ्री’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केल्यापासून त्या चळवळीच्या पुरस्कर्त्यांना हा द्व्यर्थ पुन्हा पुन्हा उलगडून सांगावा लागला आहे. मराठीला ही अडचण नाही. ‘फुकट’ किंवा ‘मोफत’ म्हणजे ज्याचे मोल द्यावे लागत नाही ते. ‘मुक्त’ म्हणजे ज्याची अंतर्रचना पाहता, बदलता आणि दुसऱ्याला देता येते ते. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे ब्लेंडरच्या इतिहासावरून दिसते. ते ज्या कंपनीच्या मालकीचे होते ती २००२ साली बंद पडली. तेव्हा त्याचे मूळ निर्माते टोन रोझेंडाल यांनी लोकांकडून १ लाख युरो जमविले, साधनाचे हक्क सोडवून घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. फुकट वस्तू तिच्या मालकाबरोबर बुडू शकते. मुक्त वस्तू मालक बुडाल्यावरही टिकू शकते.

तथापि ‘मुक्त’ या विशेषणाने समीक्षकाचे समाधान होऊ नये. साधन मुक्त असले तरी त्याचा वापर करणारा मुक्त राहतो काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

३

या प्रश्नाला भाषाविज्ञानातील एक निकष उपयोगी पडेल. भाषा-भाषांमधील महत्त्वाचा भेद काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात असतो, असा विचार रोमान याकोबसन यांनी १९५९ सालच्या भाषांतरविषयक निबंधात मांडला. मराठीत याची साक्ष पावलोपावली मिळते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी एक निवडल्यावाचून मराठी माणसाला आपल्या येण्याची वार्ता देता येत नाही. इंग्रजी माणूस ते लिंग अव्यक्त ठेवू शकतो. त्याचप्रमाणे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड करताना ऐकणाऱ्याला आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, हे मराठीत ठरवावेच लागते. व्याकरण बोलणाऱ्याचे तोंड बंद करीत नाही. ते त्याला काही गोष्टी बोलावयास भाग पाडते.

हाच निकष कथाफलकाच्या साधनांना लावून पाहावा. पेन्सिलीने काढलेले चित्र फार थोडे सक्तीने सांगते. एका कोपऱ्यात ओढलेली आडवी रेघ उंबरठा असेल, सावली असेल किंवा चित्रकाराचा अद्याप न झालेला निर्णय असेल. हा अनिर्णय दोष नव्हे; रचनेच्या आरंभी त्याची गरजच असते. स्टोरीबोर्डरच्या कर्त्यांना याची जाण आहे, असे त्याच्या मूळ रचनेवरून म्हणता येते. त्यात फिकी पेन्सिल, पेन, ब्रश, खोडरबर अशी मोजकीच साधने आहेत. चित्र सुंदर व्हावे यापेक्षा ते लवकर व्हावे आणि खोडता यावे, हा त्यांचा हेतू स्पष्ट आहे. चित्रांचा क्रम बदलणे सोपे आहे. डिस्ने यांच्या भिंतीवरील टाचण्यांचा गुण येथे शाबूत राहिला आहे. शिवाय प्रत्येक चित्र नव्या शॉटचा आरंभ आहे की चालू शॉटचाच पुढचा क्षण आहे, हे कर्त्याला नोंदविता येते. चित्र आणि शॉट ही दोन भिन्न एकके आहेत, हा विवेक नवशिक्या दिग्दर्शकाला यातून आपोआप शिकावयास मिळतो.

याच साधनाचा दुसरा भाग मात्र निराळ्या व्याकरणाचा आहे. ज्याला चित्र काढता येत नाही त्याच्यासाठी त्यात त्रिमित बाहुल्यांची सोय आहे. बाहुली उभी करावी, तिचे हातपाय वळवावेत, तिच्यासमोर कॅमेरा ठेवावा आणि शॉट तयार करावा. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु येथे कॅमेऱ्याची उंची, भिंगाचे अंतर आणि पात्राचे नेमके स्थान यांविषयी मौन पाळता येत नाही. कर्त्याने ते ठरविले नाही तर साधन स्वतःच्या मूळ मूल्यांनी ते ठरविते. आणि कर्त्याला आपण काही ठरविलेच नाही असे वाटत असताना प्रत्यक्षात निर्णय होऊन गेलेला असतो.

या सक्तीचा लाभही मान्य केला पाहिजे. हाताने काढलेले चित्र खोटे बोलू शकते. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत बसलेले सहा जणांचे कुटुंब चित्रकार एका चौकटीत सहज बसवितो. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा मागे सरकवावयास भिंत आडवी येते. त्रिमित रचना हा अडथळा आधीच दाखविते. तात्पर्य, पेन्सिल अनिर्णयाला आश्रय देते आणि बाहुली निर्णयाची किंमत कळविते. दोष एकीला दुसरीच्या जागी वापरण्यात आहे. कल्पना अद्याप धूसर असताना बाहुल्या मांडावयास बसणारा विद्यार्थी कल्पनेऐवजी साधनाची सवय चित्रित करतो.

४

ब्लेंडरच्या संदर्भात हा प्रश्न अधिक रंजक होतो. त्यातील ‘ग्रीस पेन्सिल’ या सोयीमुळे त्रिमित अवकाशात हाताने रेषा काढता येते. २०१९ च्या २.८० या आवृत्तीपासून तिला स्वतंत्र द्विमित साधनाची योग्यता आली. जेरेमी क्लापाँ यांच्या २०१९ सालच्या ‘आय लॉस्ट माय बॉडी’ या चित्रपटात त्रिमित आकृती आणि तिच्यावरील रेषा यांचा असा संयोग झालेला आहे. येथे पेन्सिल आणि बाहुली यांतील विरोध बराचसा मावळतो.

याहून टोकाचे उदाहरण लाटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांचे. त्यांचा ‘फ्लो’ हा २०२४ सालचा चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर पुरस्कार त्याला मिळाला. या चित्रपटासाठी रूढ कथाफलक काढण्यात आला नाही. दिग्दर्शकाने त्रिमित अवकाश ओबडधोबड उभारला, त्यात कॅमेरा फिरवून शॉट शोधले आणि थेट ॲनिमॅटिक रचले. यावरून कथाफलक कालबाह्य झाला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो घाईचा ठरेल. ‘फ्लो’मध्ये पात्रे प्राणी आहेत आणि मानवी संवाद एकही नाही. जेथे अर्थ सर्वस्वी अवकाशातील हालचालीवर उभा आहे, तेथे अवकाशातच विचार करणे युक्त होय. ज्या चित्रपटाचा भार दोन माणसांच्या बोलण्यावर, किंबहुना त्यांच्या न बोलण्यावर आहे, तेथे चित्र आणि त्याखालचे शब्द यांचे नाते आधी कागदावर जुळावे लागते. पद्धतीची निवड साधनाने नव्हे, विषयाने करावयाची असते.

५

शब्दांचा विषय निघाला की मराठी लेखकाची खरी अडचण समोर येते. स्टोरीबोर्डरमध्ये पटकथा आणावयाची असल्यास तिच्यासाठी ‘फाउंटन’ हा लेखनसंकेत चालतो. २०१२ साली जॉन ऑगस्ट, स्टू मॅश्विट्झ आदींनी प्रसृत केलेला हा संकेत साध्या मजकुरातून पटकथेची अंगे ओळखतो, आणि म्हणूनच तो कोणत्याही एका कंपनीच्या साधनाला बांधलेला नाही. परंतु त्याचा पात्रविषयक मूळ नियम असा : रिकाम्या ओळीनंतर आलेली, सर्वस्वी मोठ्या अक्षरांतली आणि जिच्यापाठोपाठ मजकूर आहे अशी ओळ म्हणजे पात्राचे नाव. दृश्याचा मथळाही ‘इंट’, ‘एक्स्ट’ अशा इंग्रजी संक्षेपांवरून, तेही रोमन लिपीतल्या, ओळखला जातो.

देवनागरीत मोठे आणि लहान अक्षर असा भेदच नाही. त्यामुळे यंत्राने मोठे रोमन अक्षर शोधले तर मराठी पटकथेत त्याला एकही पात्र सापडणार नाही. आणि लहान अक्षराचा अभाव हीच खूण मानली तर कथनातली साधी ओळही पात्राचे नाव ठरू शकेल. एका लिपीचा गुणधर्म सर्व लेखनाचा गुणधर्म मानल्याचा हा परिणाम होय. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. परंतु हेतू नसल्याने परिणाम सौम्य होत नाही.

फाउंटनमध्ये यावर तोड आहे. नावापूर्वी ‘@’ हे चिन्ह आणि दृश्याच्या मथळ्यापूर्वी पूर्णबिंदू दिला की त्या ओळीचे कार्य सक्तीने ठरविता येते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यासाठी ही सोय अपवादाची आहे. मराठी लेखकासाठी तोच नियम होऊन बसतो. ज्याला हे ठाऊक नाही तो दोनच वाटा धरील. एक तर साधन मराठीसाठी नाही असे मानून सोडून देईल, किंवा पटकथा रोमन लिपीत लिहील. मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत संवाद रोमन लिपीत लिहिण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. मराठीत तिची किंमत अधिक पडेल, कारण रूढ रोमन लेखनात ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मन’ आणि ‘मण’ एकरूप होतात. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पात्राचा उच्चार तर नटाच्या अंदाजावरच सोपवावा लागेल. बोलीतील संवाद हे ज्या चित्रपटाचे बळ आहे, त्याच्या संहितेतूनच ती बोली गळून जाणे ही लहान हानी नव्हे.

या बाबतीत क्रिटाची रचना अधिक उदार आहे. डिसेंबर २०२१ च्या ५.० या आवृत्तीपासून त्यात कथाफलकाची सोय आली. स्टोरीबोर्डरमध्ये चित्राखाली संवाद, कृती आणि टिपणे असे तीन रकाने आधीच ठरलेले आहेत; क्रिटात रकाने किती आणि कोणत्या नावाचे, हे कर्ता ठरवितो. ‘संवाद’, ‘ध्वनी’, ‘मौन’ असे रकाने करणाऱ्याला कोणी अडवीत नाही. परंतु पटकथेतून आपोआप चित्रचौकटी तयार होण्याची जी सुलभता स्टोरीबोर्डरमध्ये आहे तिची जागा हे औदार्य घेऊ शकत नाही.

६

एकंदरीत पाहता ही साधने मोफत आहेत म्हणून स्तुत्य नव्हेत, आणि परकी आहेत म्हणून त्याज्य नव्हेत. स्टोरीबोर्डरचा पेन्सिलीचा भाग आरंभीच्या विचाराला पोषक आहे. बाहुल्यांचा भाग निर्णय तपासण्यास योग्य आहे. ब्लेंडर अवकाशप्रधान कृतीला अनुकूल आहे. क्रिटा टिपणांच्या बाबतीत मोकळीक देते. या प्रत्येकाचे व्याकरण ओळखून ते वापरणे हे दिग्दर्शकाचे काम आहे.

देवनागरीचा प्रश्न मात्र एकट्या दिग्दर्शकाने सोडवावयाचा नाही. मराठी पटकथेसाठी एक निश्चित लेखनसंकेत हवा : दृश्याचा मथळा कसा द्यावा, आत-बाहेर आणि दिवस-रात्र कोणत्या संक्षेपांनी दाखवावी, पात्राचे नाव कोणत्या खुणेने ओळखावे. तो संकेत ठरविणे हे भाषा आणि चित्रपट यांच्या अभ्यासकांचे संयुक्त कार्य होय. आणि तो ठरल्यावर या साधनांत घालण्यास कोणाची परवानगी मागावयास नको, कारण त्यांची मूळ संहिता खुली आहे. फुकट मिळालेली वस्तू घेऊन गप्प बसता येते. मुक्त वस्तूचा स्वीकार तिच्यात आपली भर घालूनच पूर्ण होतो, आणि मराठीची ती भर अद्याप पडावयाची आहे.