हुर्यो नेमकी कुणाची?

एक छोटा हिशेब मांडू. २०२२ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स १४ सामने खेळली, ४ जिंकली, १० हरली. गुण ८, क्रमांक दहावा, म्हणजे शेवटचा. २०२४ मध्ये मुंबई इंडियन्स १४ सामने खेळली, ४ जिंकली, १० हरली. गुण ८, क्रमांक दहावा.

आकडे तेच. पण पहिल्या वेळी आपण हळहळलो, मीम्स फिरवली आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या वेळी आपल्याच कॅप्टनची आपल्याच मैदानावर हुर्यो उडवली. याचा अर्थ राग हरण्याचा नव्हता. मग कशाचा होता? आणि तो योग्य पत्त्यावर पोचला का? चाहता म्हणून मला हे प्रश्न त्या हंगामातल्या कुठल्याही पराभवापेक्षा जास्त छळतात.

२०२२ चा हंगाम आम्हा पनवेलकरांच्या जवळजवळ दारातच झाला. कोविडमुळे साखळीचे सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात ठेवले होते. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम पनवेलहून हार्बर लोकलने अर्ध्या तासाच्या आत. २१ एप्रिलला तिथे चेन्नईविरुद्ध रोहित शर्मा शून्यावर गेला आणि धोनीने शेवटच्या चार चेंडूंवर १६ धावा काढून सामना नेला. मुंबईचा तो सलग सातवा पराभव. आठवाही झाला. पहिला विजय मिळाला तो ३० एप्रिलला, त्याच मैदानावर, रोहितच्या वाढदिवशी. त्या हंगामात रोहितने एकूण २६८ धावा केल्या, एकही अर्धशतक नाही. कॅप्टन अपयशी, संघ तळाला. तरी कुणी ‘बू’ केलं नाही. रोहितच्या नावावर २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं जमा होती. त्या खात्यातून आपण त्याला एक हंगाम उसना दिला.

१५ डिसेंबर २०२३ ला ते खातं बंद झालं. गुजरातकडून परत आणलेला हार्दिक पंड्या मुंबईचा कॅप्टन झाल्याचं जाहीर झालं. रोहित संघात राहणार होता, पण साधा खेळाडू म्हणून. निवेदनात परंपरा आणि भविष्य असे मोठे शब्द होते. निरोपाचा सामना नाही, रोहितने स्वतः काही सांगितलेलं नाही, फोनवर फक्त एक नोटिफिकेशन.

माझ्या मते खरी जखम इथे आहे. आपण संघ बघतो तेव्हा आकड्यांबरोबर एक गोष्टही बघत असतो. मराठी नाटकात मुख्य नट बदलला तर जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं छापतात. पनवेलच्या फडके नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर उभा असलेला माणूस ते वाचतो आणि जायचं की नाही ते ठरवतो. तेवढा मान नाटकवाले प्रेक्षकाला देतात. इथे दहा वर्षं चाललेल्या गोष्टीचा नायक मधल्या अंकात बदलला आणि प्रेक्षकाने टाळ्या चालू ठेवाव्यात अशी अपेक्षा होती.

त्याच वसंतात चेन्नईतही असंच घडलं. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, २१ मार्च २०२४ ला, धोनी पायउतार झाला आणि पुण्याचा ऋतुराज गायकवाड कॅप्टन झाला. धोनीचीही पाच विजेतेपदं. चेन्नईही त्या वर्षी प्ले-ऑफला पोचली नाही. पण ऋतुराजला चेपॉकवर कुणी हिणवलं नाही, कारण तिथे जुन्या नायकाने नव्याच्या हातात काठी दिली असं सगळ्यांना दिसलं. पडद्यामागे चेन्नईचे मालकही मालकच आहेत. त्यांना फक्त गोष्ट कशी सांगायची ते कळलं.

आता २०२४ कडे. १ एप्रिलला वानखेडेवर मुंबईचा पहिला घरचा सामना. नाणेफेकीच्या वेळी हार्दिकचं नाव घेताच आवाज इतका चढला की संजय मांजरेकरला माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मग राजस्थानच्या बोल्टने रोहितला त्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद केलं, मुंबई ४ बाद २० झाली आणि सामना गेला. त्याच सामन्यात सीमारेषेवर उभा असलेला रोहित प्रेक्षकांना हाताने ‘थांबा’ अशी खूण करताना दिसला. ज्याच्यासाठी हा सगळा गोंधळ चालला होता, तोच तो थांबवा म्हणत होता.

१४ एप्रिलला चेन्नईविरुद्ध तर कळसच झाला. शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. धोनीला चारच चेंडू मिळाले, त्यात सलग तीन षटकार, एकूण २० धावा. वानखेडे नाचत होतं. मग रोहितने नाबाद १०५ केल्या आणि मुंबई हरली, तीही बरोबर २० धावांनी. आपल्या बोलरला पडलेल्या ज्या षटकारांवर आपण नाचलो, त्यांच्याच फरकाने आपला संघ हरला.

हार्दिक त्या हंगामात वाईटच खेळला, ते लपवायचं कारण नाही. १४ सामन्यांत २१६ धावा, ११ बळी. स्वतःला फलंदाजीला कधी पाठवायचं, बुमराहला षटकं कधी द्यायची, यावर कडक टीका व्हायलाच हवी होती. पण टीका आणि हुर्यो एक नव्हे. टीकेला मुद्दा लागतो. हुर्यो सामना सुरू होण्याआधीच, नाणेफेकीलाच सुरू झाली होती.

‘तो बाहेरचा’ हा युक्तिवादही ऐकला. त्याला गुजराती म्हणून चिडवणं झालं. हार्दिक २०१५ ते २०२१ मुंबईकडेच होता आणि पाचपैकी चार विजेतेपदांत खेळला होता. रोहितचा जन्म नागपूरचा, तो वाढला बोरिवलीत, आयपीएलमध्ये आधी हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडे होता आणि मुंबईचा कॅप्टन झाला तो २०१३ च्या हंगामाच्या मध्यावर, रिकी पाँटिंग बाजूला झाल्यावर. तेव्हा आपल्याला आत-बाहेरचं काही आठवलं नव्हतं. शिवाय हे मी पनवेलमधून लिहितोय. आमचा जिल्हा रायगड, महानगरपालिका वेगळी, आणि सीएसएमटीला निघालो की आम्ही अजून ‘मुंबईला चाललो’ असंच म्हणतो. ‘मुंबई’ लिहिलेली निळी जर्सी घालताना आम्हाला कुणी राहण्याचा पुरावा मागत नाही. तो आपण हार्दिककडे मागितला.

मग राग जायला कुठे हवा होता? ज्याने निर्णय घेतला तिथे. मुंबई इंडियन्स ही रिलायन्सने २००८ मध्ये ११ कोटी १९ लाख डॉलरला घेतलेली फ्रँचायझी आहे. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेलेत आणि त्यातला वाटा दहाव्या क्रमांकाच्या संघालाही मिळतो. म्हणजे पराभवाची झळ खेळाडूला बसते, चाहत्याला बसते, मालकाला फारशी बसत नाही. आणि त्याच्यापर्यंत आवाज पोचवायचा चाहत्याकडे रस्ता नाही. समोर हिरवळीवर माणूस एकच दिसतो, नाणं उडवणारा. म्हणून तो सापडला.

पत्ता बरोबर शोधणारे चाहते जगात आहेत. अमेरिकेत ओकलंडच्या ‘ए’ज’ या बेसबॉल संघाचा २०२३ चा हंगाम भयानक होता, १६२ पैकी ११२ सामने ते हरले. मालक संघ लास वेगासला हलवायच्या तयारीत होता. चाहत्यांनी काय करावं? १३ जून २०२३ ला, एरवी ओस पडणाऱ्या त्या स्टेडियममध्ये ठरवून २७,७५९ लोक आले. हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द, ‘विका’, आणि घोषणाही तीच. तो राग मालकावर होता. हरणाऱ्या खेळाडूंना त्यांनी त्या रात्री जोरदार पाठिंबा दिला आणि संघ जिंकलाही. संघ शेवटी शहर सोडून गेलाच, चाहते हरले. पण ते कुणाशी भांडत होते याबद्दल कुणाच्याच मनात शंका राहिली नाही.

आपलं काय झालं? २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये हार्दिकने क्लासेनला बाद केलं, मग शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या असताना मिलरला, आणि भारत विश्वविजेता झाला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून बस वानखेडेला आली तेव्हा त्याच स्टँडमधून ‘हार्दिक, हार्दिक’ ऐकू आलं. बऱ्याच जणांना ते गोड वाटलं. मला वाटलं, पाच दिवसांत विरघळतो तो राग मुळात कशाचा होता, हे आता कुणी विचारणारच नाही.

आणि तसंच झालं. २०२५ मध्ये मुंबई चौथी आली, प्ले-ऑफमध्ये पंजाबकडून हरली. हार्दिकच कॅप्टन होता, वानखेडे शांत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, ही तक्रार मात्र तशीच पडून आहे. जिंकल्यामुळे ती मिटली असं आपण धरून चाललोय. पुढचा कॅप्टनही असाच एका नोटिफिकेशनवर बदलेल. तेव्हा नाणं उडवायला जो मुलगा पुढे येईल, त्याच्यावर ओरडण्याआधी एकदा वर, मालकांच्या बॉक्सकडे बघायला हवं.