धुराडे आहेच, मग अडचण कसली?

बुलढाणा जिल्ह्यात कापूस वेचून झाला की शेतोशेती पऱ्हाटीचे ढीग दिसतात. तिचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, भट्टीत चांगल्या जळतात. मात्र ‘विटांचे जुने धुराडे आहेच, भट्टी त्यालाच जोडा’ हा सहज दिला जाणारा सल्ला आम्हाला धोक्याचा वाटतो.

या सल्ल्यामागे आपण वर्गात शिकवतो तेच वाक्य आहे : गरम हवा वर जाते. ते चूक नाही, अपुरे आहे. धुराड्याची ओढ त्याच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकावर ठरते. धुराडे ६ मीटर उंच, आतला वायू १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा ३० अंश असेल, तर ओढ सुमारे १९ पास्कल, म्हणजे २ मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकीच असते. वायू ७० अंशांवर आला की ती ८ पास्कल उरते.

चांगली भट्टी बरीचशी उष्णता आधीच काढून घेते. मग तो कोमट वायू ८ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून २३ सेंटिमीटर चौरस धुराड्यात शिरला, की त्याचा वेग दहाव्या हिश्शावर येतो. तो रेंगाळतो, थंड होतो. एक किलो गोळ्या जळताना सुमारे अर्धा किलो पाण्याची वाफ तयार होते. ती विटांवर पाणी होऊन काजळीसह सांध्यांत मुरते.

त्यात पंखा हवा आत ढकलत असेल, तर सांध्यांतून वायू खोलीत येऊ शकतो. वीज गेली की पंखा थांबतो, गोळ्या धुमसतात आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नसतो. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून झोपलेल्या घराला तो कळतही नाही.

१९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातही हा धडा मिळाला होता. निर्धूर चुलीची नळी काजळीने तुंबली की धूर पुन्हा स्वयंपाकघरातच येई. नळी असणे वेगळे, तिने ओढणे वेगळे.

जुने धुराडे पाडायला नको. त्यात भट्टीच्या मापाची, न गंजणारी पोलादी नळी तळापासून टोकापर्यंत सोडावी, सांधे बंद करावेत, भोवती उष्णतारोधक भरावे आणि तळाशी सफाईचे झाकण ठेवावे.

विद्यार्थ्यांना शाळेतल्या चुलीच्या धुराड्याच्या सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरून पाहू द्या. धूर आत खेचला जातो की बाहेर ढकलला जातो? ‘गरम हवा वर जाते’ या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तेथे दिसेल.