दूरस्थ लेखक आणि पटकथा

चित्रपटव्यवसायाच्या केंद्रापासून दूर राहणाऱ्या लेखकाविषयी चर्चा निघाली की प्रेमचंदांचे उदाहरण हटकून पुढे येते. १९३४ मध्ये ते अजिंठा सिनेटोनच्या बोलावण्यावरून मुंबईस गेले, तेथे त्यांनी एका गिरणीकामगारविषयक बोलपटाची कथा लिहिली, आणि १९३५ मध्ये ते बनारसला परतले. या हकीकतीवरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढण्याची चाल पडली आहे. साहित्यिकाने त्या वाटेला जाऊच नये, हा एक. आणि जावयाचे तर तेथेच कायमचे बिऱ्हाड करावे, हा दुसरा. दोन्ही पक्षांनी प्रश्न बिऱ्हाडाचाच मानला आहे. मला तो तसा वाटत नाही. कथेची पटकथा होत असता लेखकाचा हात तिच्यात कोठवर पोहोचतो, हा खरा प्रश्न होय; आणि तो हात आखडला की प्रथम जे हरवते, ते कथेचे स्थळ.

आर. के. नारायण यांची 'द गाईड' ही कादंबरी १९५८ ची. तिच्यावरील विजय आनंद दिग्दर्शित हिंदी चित्रपट १९६५ मध्ये आला. नारायण म्हैसूरचे रहिवासी, आणि त्यांचे मालगुडी नकाशावर नसले तरी दक्षिणेतील एका लहान गावाच्या चालीरीतींनी पुरते बांधलेले. मंडळींना त्यांनी म्हैसूरच्या आसपासची स्थळे दाखविली. चित्रपट मात्र राजस्थानात, उदयपूरकडे झाला. या अनुभवावर त्यांनी पुढे एक उपहासपूर्ण निबंध लिहिला, तो सर्वश्रुत आहे. चित्रपट म्हणून 'गाईड' मुळीच उणा नाही; विजय आनंद यांची पटकथा ही स्वतंत्र गुणांची कृती आहे. पण राजूची लबाडी आणि त्याचे साधुत्व ही दोन्ही ज्या गावाच्या आळसट, भाबड्या, चहाटळ स्वभावातून उगवतात ते गावच राहिले नाही. त्यामुळे कादंबरीत अखेरपर्यंत संदिग्ध राहिलेला उपवासाचा चमत्कार चित्रपटात उघड पावसाच्या रूपाने कोसळतो. स्थळ बदलले तेव्हा अर्थही बदलला.

मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेचे उदाहरण याहून सौम्य, म्हणूनच अधिक बोधक. कथेतील दीपा कानपूरला राहते आणि मुलाखतीसाठी कलकत्त्यास जाते. बासू चटर्जी यांच्या 'रजनीगंधा' (१९७४) या चित्रपटात कानपूरची दिल्ली झाली आणि कलकत्त्याची मुंबई. चित्रपट कथेशी पुष्कळच इमानी आहे, यात वाद नाही. तथापि कानपूरच्या एका खोलीत एकटी राहणारी संशोधक तरुणी आणि दिल्लीतली तशीच तरुणी यांच्या एकटेपणात अंतर आहे. केंद्र कथा विकत घेते तेव्हा तिचा नकाशाही नकळत स्वतःकडे ओढून घेते. अलीकडे नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'धडक' (२०१८) निघाली, तेव्हा करमाळ्याच्या परिसरातील ती गोष्ट पुन्हा उदयपूरलाच गेली! योगायोग म्हणून हसावे आणि सोडून द्यावे, इतका हा प्रकार क्षुल्लक नाही. करमाळ्याच्या मातीबरोबर तेथली बोली गेली, आणि बोलीबरोबर जातिभेदाची ती धारही बोथट झाली. ती धार त्या तालुक्यातील माणसांच्या हाक मारण्यात आणि गप्प राहण्यात होती.

याच्या उलट 'तीसरी कसम' (१९६६). फणीश्वरनाथ रेणू पूर्णियाकडचे. त्यांच्या कथेची पटकथा नवेंदु घोष यांनी रचली, परंतु संवाद रेणूंनी स्वतः लिहिले. हिरामन गाडीवानाच्या बोलण्यातील थांबे, लाजरी घासाघीस, मध्येच सुरू होणारी लोककथा हे सारे टिकले, कारण ते लिहिणारा हात बदलला नव्हता. दिग्दर्शन, छायालेखन, तारेतारकांची निवड यांवर रेणूंची सत्ता असण्याचे कारण नव्हते. संवाद हाती राहिले, एवढ्याने गाव वाचले.

परंतु या प्रश्नाचे सर्वांत विचारार्ह उत्तर मल्याळममध्ये सापडते. साठीच्या दशकात मल्याळम चित्रपटाचे बरेचसे काम मद्रासच्या स्टुडिओंत होत असे, आणि लेखक राहात कोळिकोडला. 'नीलक्कुयिल' (१९५४) लिहिणारे उरूब तेथील आकाशवाणीत होते. एम. टी. वासुदेवन नायर त्याच गावी 'मातृभूमी' साप्ताहिकाचे संपादनकार्य करीत. १९६५ च्या 'मुरप्पेण्णु'पासून त्यांनी पटकथा लिहिल्या, त्या वळ्ळुवनाडच्या बोलीत आणि तेथल्या मोडकळीस आलेल्या नायर घराण्यांविषयी. मद्रासच्या स्टुडिओत त्या बोलीचा अधिकारी कोण असणार? लेखकच. केंद्र भाषेच्या प्रदेशाबाहेर असल्यामुळे दूरस्थ लेखकाचे वजन येथे कमी होण्याऐवजी वाढले. यावर कोणी म्हणेल की, हिंदी चित्रपटाचे केंद्रही हिंदी प्रदेशाबाहेरच आहे. खरे आहे, पण मुंबईने स्वतःची एक चित्रपटी हिंदुस्थानी घडविली, कोणत्याही गावची नसलेली आणि म्हणून सर्वत्र चालणारी. ती हाताशी असल्यावर पूर्णियाच्या लेखकाला विचारण्याची गरज क्वचितच भासते.

एम. टी. इतक्यावर थांबले नाहीत. आपल्याच कथेवरून त्यांनी 'निर्माल्यम्' (१९७३) स्वतः दिग्दर्शित केला व त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ओस पडत चाललेल्या देवळातील वेलिच्चपाडाची, म्हणजे देवीचा संचार होणाऱ्या सेवेकऱ्याची, ती कथा. उपासमार घरात शिरते कशी, हे तेथे कोणी बोलून दाखवीत नाही. देवळाच्या रिकाम्या आवारातून आणि घरातल्या कुजबुजीतून ते कळत जाते. असा तपशील दुरून मागवता येत नाही. शिवाय त्यांच्या पटकथा पुस्तकरूपाने निघाल्या आणि वाचकांनी त्या कथा-कादंबऱ्यांसारख्या वाचल्या. माझ्या दृष्टीने ही गोष्ट त्यांना पटकथेसाठी चार वेळा मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारापेक्षाही मोठी आहे. छापील पटकथा उपलब्ध असली की दिग्दर्शकाने काय गाळले, काय बदलले, हे कोणालाही ताडून पाहता येते. लेखकाचा शब्द चित्रीकरणाच्या गडबडीत नाहीसा होत नाही. २०२४ च्या डिसेंबरात एम. टी. निवर्तले, तेव्हा केरळात त्यांना निरोप दिला गेला तो कादंबरीकार व पटकथाकार असा भेद न करता.

मराठीची स्थिती चमत्कारिक आहे. आपल्याकडे केंद्रच एके काळी लेखकांच्या दाराशी होते. कोकणात शिरोड्यास शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांनी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी 'छाया' (१९३६) लिहिला, ग. दि. माडगूळकर पुण्यात राहून मुंबईच्या राजकमलसाठी 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) लिहू शकले. आणि तरी 'छाये'तील दुःख कोणत्याही शहरातले असू शकले असते, असे मला वाटते. खांडेकरांना विचार दिसत, माणसे दिसत. गाव फारसे दिसत नसे. स्टुडिओ जवळ असल्याने ही उणीव भरून निघत नाही. व्यंकटेश माडगूळकरांना गावच प्रथम दिसे. 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी पडद्यावर येण्यास चाळीस वर्षे लागली. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या चित्रपटाची पटकथा माडगूळकरांनी स्वतः लिहिली आणि म्हणूनच त्या उजाड माणदेशावर एखादे प्रेमप्रकरण लादले गेले नाही. मेंढरे, दुष्काळ आणि एक तरुण मास्तर एवढ्या भांडवलावर तो उभा राहिला. आपली समीक्षा कादंबरीवर भरभरून बोलली. लेखकाने चाळीस वर्षांनंतर आपलीच कृती दृश्यात पुन्हा कशी मांडली, कोठे मास्तराचे निवेदन सोडले, हा प्रश्न तिला फारसा पडलेला दिसत नाही. पटकथा हे वाङ्मय नव्हे, असा एक अबोल समज आपल्याकडे आहे. त्याचा फायदा निर्मात्यांना होतो.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो. दूरच्या लेखकाला करारातील कलमे घासून घेण्याची संधी कमी. म्हणून जे हक्क कराराने सुटत नाहीत, ते त्याने विशेष जाणून घ्यावेत. 'आपका बंटी'वरील 'समय की धारा' या चित्रपटात केलेल्या बदलांविरुद्ध मन्नू भंडारी, दिल्लीत राहणाऱ्या एक प्राध्यापिका, दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या त्या निर्णयात न्यायालयाने स्वामित्वहक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाचा आशय विस्ताराने मांडला: कृतीचे हक्क विकल्यावरही तिचा विपर्यास होऊ न देण्याचा लेखकाचा विशेष हक्क उरतो, माध्यमांतरासाठी आवश्यक बदल करता येतात, मूळ कृती ओळखू येणार नाही असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक भर पडली. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या इतर वापरापोटी येणाऱ्या स्वामित्वधनात लेखकाचा समान वाटा राहतो आणि तो त्याला सोडूनही देता येत नाही. मात्र चित्रपटगृहात होणाऱ्या प्रदर्शनाला ही तरतूद लागू नाही. तेथला हिशेब लेखक आणि निर्माता यांच्या करारावरच अवलंबून असतो, आणि तो करार बहुधा निर्मात्याच्या कचेरीत लिहिला जातो.