दाद न देणारा रक्तदाब : एका वैद्यकीय परिभाषेची चिकित्सा

वैद्यकीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत आली आहे. शब्द संस्कृत घडणीचा असावा की देशी, हा एक. आणि तो सर्व ग्रंथांत एकच असावा की नाही, हा दुसरा. ज्याच्या शरीराविषयी तो शब्द बोलतो, त्या मनुष्याला तो ऐकून काय वाटते, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अनेक औषधे घेऊनही न उतरणाऱ्या रक्तदाबावर विद्युतस्पंदांचा व व्यायामाचा उपाय कितपत लागू पडतो, याचा शोध गेल्या काही वर्षांत सुरू आहे. ह्या उपचाराची मराठी परिभाषा तपासली असता तिसऱ्या प्रश्नाची उपेक्षा किती महाग पडू शकते, हे स्पष्ट दिसते.

तेरेखोल नदीकाठचा बांदा हा सावंतवाडी तालुक्यातील, गोव्याच्या हद्दीलगतचा बाजारपेठेचा गाव. येथील रुग्ण घरी मालवणी बोलतो, कागदोपत्री प्रमाण मराठी वाचतो, दुखणे मोठे असल्यास बांबोळीच्या रुग्णालयात जातो व तेथे गोव्याची कोंकणी ऐकतो. औषधाची चिठ्ठी मात्र त्याला इंग्रजीत मिळते. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील ज्या थोड्या जिल्ह्यांची निवड झाली, त्यांत सिंधुदुर्ग होता. त्यामुळे रक्तदाबाचा आकडा, गोळीचे नाव आणि पुढील तपासणीची तारीख ह्या गोष्टी येथील सामान्य घरांतही परिचयाच्या झालेल्या आहेत. ‘माका प्रेशर आसा’ हे वाक्य बांद्यात कोणालाही कळते. शब्दशः पाहता ते निरर्थक आहे, कारण रक्ताला दाब सर्वांच्याच असतो. परंतु ‘प्रेशर’ व ‘बीपी’ हे शब्द आता मापाचे राहिलेले नसून रोगाचे झाले आहेत. हा अर्थसंकोच लोकांनी स्वतः केला आणि तो पूर्णपणे यशस्वी झाला, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

‘टेन्शन’ ह्या शब्दाची कथा मात्र वेगळी आहे. मराठीत तो काळजी ह्या अर्थी रुळला. तेव्हा ‘हायपरटेन्शन’ म्हणजे अतिकाळजी, असा बोध होणे स्वाभाविकच आहे. ही केवळ मराठी भाषकाची चूक नव्हे. डॅन ब्लूमहागेन ह्यांनी अमेरिकेतील सिॲटल येथील रुग्णांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी होती, अशा अनेक रुग्णांनीही त्या शब्दाची फोड ‘अति’ आणि ‘ताण’ अशी करून घेतली होती, असे त्यांना आढळले. शब्दाची अशी फोड एकदा मनात बसली की तिच्यातून वर्तन निघते. ज्याची काळजी मिटली, त्याने गोळी का घ्यावी?

आता मूळ संज्ञेकडे वळू. मूत्रल औषधासह तीन निरनिराळ्या वर्गांची औषधे सोसवेल त्या कमाल मात्रेत देऊनही दाब इष्ट मर्यादेवर राहिला, किंवा तो काबूत ठेवण्यास चार अथवा अधिक औषधे लागली, तर त्या अवस्थेला वैद्यकात वेगळे नाव आहे. मराठीत त्यासाठी ‘प्रतिरोधी’ व ‘दुर्दम्य’ असे दोन शब्द योजलेले आढळतात. ‘दुर्दम्य’ हा मराठीत गुणवाचक होऊन बसला आहे. आशावाद दुर्दम्य असतो, इच्छाशक्ती दुर्दम्य असते. रोगाला हे विशेषण लावणे म्हणजे त्याचा गौरवच होय. ‘प्रतिरोधी’ची अडचण याहून गंभीर आहे. प्रतिरोध करणारा कोण, हे त्यात सांगितलेले नाही. आणि कर्ता मोकळा राहिला की ती जागा रुग्ण भरून काढतो. ‘तुमचा रक्तदाब प्रतिरोधी आहे’ ह्या वाक्यात त्याला आपल्यावरील ठपका ऐकू येतो. वास्तविक अशा रुग्णांपैकी काहींचा दाब खरोखरीच हट्टी नसतो. गोळ्या वेळेवर घेतलेल्या नसतात, पट्टा दंडाच्या मानाने लहान असतो, किंवा दवाखान्यातच दाब वाढतो. काहींच्या बाबतीत सुक्या मासळीतून व लोणच्यातून जाणारे मीठही कारणीभूत असते. हे सर्व तपासून मगच ती संज्ञा लावावयाची असते. अशा वेळी रुग्णाने आडपडदा न ठेवता बोलणे अत्यंत आवश्यक, आणि नेमका तेव्हाच शब्द त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. मराठीत मात्र ‘दुखणे औषधाला दाद देत नाही’ असा प्रयोग आयताच आहे. त्यात कर्ता दुखणे आहे, रुग्ण नव्हे. ‘दाद न देणारा रक्तदाब’ ही संज्ञा कोशकारास लांबट वाटेल. पण तिच्यात कोणावर दोष येत नाही.

खरा गोंधळ पुढे आहे. इंग्रजीतील ‘नर्व्ह’साठी मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका’ स्वीकारला, शालेय पाठ्यपुस्तकांत ‘चेता’ आला, आणि जुन्या पिढीतील डॉक्टरांच्या लेखनात ‘मज्जातंतू’ व ‘ज्ञानतंतू’ टिकून राहिले. एका वस्तूला चार नावे आणि चारही पुस्तकी. लोक मात्र ‘नस’ व ‘शीर’ म्हणतात. ह्या दोन शब्दांची सरमिसळ पंडितांना खटकते, आणि ती आहेच. मानेची शीर आखडते तेव्हा ती स्नायूची असते. शीर तुटून रक्त वाहते तेव्हा ती रक्तवाहिनी असते. मणक्यातली नस दबते तेव्हा ती मज्जातंतू असते, आणि हाताची नस कापली असे म्हणताना पुन्हा रक्तवाहिनी. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘नसेवर’ उपचार करावयाचा आहे असे सांगितले, तर ज्यातून रक्त वाहते त्या नळीतच वीज सोडणार, असे त्याने समजणे मुळीच अस्वाभाविक नाही.

परंतु ही सरमिसळ मराठीचे व्यंग नव्हे. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नेर्वुस’ ह्या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, असाच होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस व एरासिस्त्रातस ह्यांनी संवेदना वाहणाऱ्या तंतूंचा वेगळेपणा ओळखला. नवा शब्द मात्र प्रचारात आला नाही, जुनाच अर्थसंकोचाने रूढ झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ७०० सिरा, ९०० स्नायू, ५०० पेशी व २४ धमन्या मोजल्या आहेत. त्यांतील ‘स्नायू’ म्हणजे बंध, बांधणारी दोरी. हाच शब्द पुढे मराठीत मांसल भागाला लागला, तर हिंदीत व बंगालीत ‘नर्व्ह’ला. म्हणून हिंदी पत्रकातील ‘स्नायु’ मराठी पत्रकात जसाच्या तसा उतरला, तर अक्षरे तीच राहून उपचाराचे इंद्रियच बदलते. एका संस्कृत शब्दाने सर्व भारतीय भाषा जोडल्या जातील, ह्या श्रद्धेला याहून सुबक उत्तर मिळणे कठीण.

‘मणक्यातली नस’, ‘दबलेली नस’, ‘सायटिकाची नस’ ह्या आजच्या प्रयोगांकडे पाहता मराठी बोलणारेही ग्रीकांच्याच वाटेने चालले आहेत, असे दिसते. ‘नस’ हळूहळू मज्जातंतूकडे सरकत आहे. परिभाषाकारांनी हे सरकणे पाहून त्याला हात द्यावयाचा. त्याऐवजी त्यांनी दर पिढीला एक नवे नाव घडवले. ‘रक्तवाहिनी’ हा शब्द सर्वांना कळतो. त्याच्या शेजारी ‘निरोप नेणारी नस’ असे एकदा म्हटले की पुढे नुसती ‘नस’ पुरेशी होईल. ‘अनुकंपी’ हे नावही असेच. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या व हृदयाची गती वाढवणाऱ्या मज्जासंस्थेला हे नाव भाषांतराच्या प्रामाणिकपणातून मिळाले. महाराष्ट्रात अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते. त्याच धातूची संस्था दाब वाढवते, हे वाचून विद्यार्थी गोंधळले तर दोष त्यांचा नव्हे.

राहिला ‘उत्तेजन’. मराठीत ह्याचा जुना सज्जन अर्थ प्रोत्साहन हा. शाळेतील उत्तेजनार्थ बक्षीस सर्वांना ठाऊक आहे. दुसरा अर्थ प्रक्षोभाचा. रक्तदाबाच्या रुग्णाला घरचे, दारचे व वैद्य एकमुखाने सांगत असतात की, उत्तेजित होऊ नका. त्याच रुग्णापुढे ‘विद्युत चेता-उत्तेजन’ असा उपचार ठेवावयाचा! ‘चेता’ने ‘चेतवणे’ आठवते आणि विजेने ‘शॉक’. वस्तुतः ह्या उपचाराची कल्पना नेमकी उलट आहे. कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य स्पंद दिल्यास ती अनुकंपी खळबळ शमेल, असा तर्क आहे. ब्राझीलमध्ये दाद न देणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांवरील अशा चाचणीचा आराखडा प्रसिद्ध झाला आहे. तथापि हा उपचार अद्याप संशोधनाच्याच कक्षेत आहे. औषधांची जागा त्याने घेतलेली नाही. कंबरदुखीवर हेच यंत्र गावोगावच्या दवाखान्यांत वापरले जाते व लोक त्याला ‘करंट देणे’ म्हणतात. ‘करंट’ घेऊन आलेला मनुष्य शेजाऱ्याला निर्धास्तपणे तसे सांगतो. ‘चेता-उत्तेजन’ घेऊन आलो, असे सांगणारा अद्याप भेटावयाचा आहे.

संशोधनातील सहभागाचे माहितीपत्रक सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असावे, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचा दंडक आहे. त्याच्या पडताळणीची रूढ पद्धत अशी की, मराठी मजकूर दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा इंग्रजीत आणावयाचा व मुळाशी ताडून पाहावयाचा. आक्षेप येथेच आहे. ‘चेता-उत्तेजन’ इंग्रजीत परत नेले की मूळ संज्ञा हुबेहूब मिळते आणि पत्रक उत्तीर्ण होते. ‘करंट’, ‘नस’ वा ‘दाद’ हे शब्द ह्याच परीक्षेत नापास होतील. म्हणजे ही पद्धत दोन भाषांतरकारांपाशी एकच कोश आहे एवढेच सिद्ध करते. बांद्याच्या रुग्णाला काय कळले, हे तिच्या कक्षेत येतच नाही. जो मजकूर जितका दुर्बोध, तितका तो उलट भाषांतरात निर्दोष ठरण्याचा संभव अधिक. त्याऐवजी पत्रक वाचून दाखवावे आणि ‘आता तुमच्यावर काय करणार आहेत, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारावे. उत्तर मालवणीत आले तरी ते लिहून घ्यावे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे खरे काम आहे, आणि त्यासाठी कोश जवळ नसला तरी चालण्यासारखे आहे.

‘व्यायाम’ हा शब्द सोपा म्हणून कोणी तपासत नाही. त्याच्याभोवती मात्र तालीम, जोर आणि बैठका उभ्या आहेत. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या साठीच्या बाईला ‘व्यायाम करा’ म्हटले, तर तिला हसू येईल. ती दिवसभर कष्टच करते. मराठीने ‘कष्ट’ आणि ‘व्यायाम’ हे वेगळे ठेवले आहेत व शरीरशास्त्राचाही त्यास दुजोरा दिसतो. कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीवरील २०२१ च्या अभ्यासात फावल्या वेळेतील हालचालीचा संबंध हृद्रोगाच्या कमी धोक्याशी, तर कामातील जड श्रमांचा वाढत्या धोक्याशी आढळला. दाद न देणाऱ्या रक्तदाबाविषयीचा पुरावा व्यायामाच्या बाजूने विजेपेक्षा अधिक भक्कम आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगालमधील चाचणीत ६० रुग्ण होते. त्यांच्यापैकी ज्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली दमश्वास वाढवणारा व्यायाम केला, त्यांचा चोवीस तासांचा वरचा दाब इतरांच्या तुलनेत सुमारे ७ मिलिमीटरने उतरला. ह्या व्यायामाला बांद्याच्या पत्रकात काय म्हणावे? ‘एरोबिक’ कळणार नाही, ‘वातापेक्षी’ ऐकून कोणी वातविकार समजेल. ‘बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे’ असे लिहिले, तर त्यात गती, मात्रा आणि मर्यादा तिन्ही येतात. शब्दांची संख्या वाढते, हे खरे. पण पत्रकाला पानांची मर्यादा कोणी घातलेली नाही.