निकालानंतरची कविता

लोकसभेचा निकाल लागला की आपल्याकडे कवितांचा एक हंगाम येतो. २०१४ नंतर तो आला, २०१९ नंतर अधिक जोमाने आला. मुशायऱ्यांत, कविसंमेलनांत आणि आपल्याच वार्षिकांच्या पानांवर या कविता मी वाचत-ऐकत आलो आहे. त्यांतल्या एकदोन माझ्याही आहेत, तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातून मी स्वतःला वगळलेले नाही.

या कवितांचा साचा आता पाठ झाला आहे. कवी एका न दिसणाऱ्या फिर्यादीपुढे उभा राहतो आणि पुरावे मांडू लागतो. बापजाद्यांच्या कबरी, अश्फाकउल्ला खान, हवालदार अब्दुल हमीद. कवी नगर जिल्ह्यातला असेल तर श्रीगोंद्याचे शेख महंमदही साक्षीला येतात. ज्या संताने मराठी ओवीत 'योगसंग्राम' रचला, त्याचे नाव आपण खिशातल्या ओळखपत्रासारखे काढून दाखवतो. तो ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी उघडला, हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये! शेवटी टाळ्या मिळतात. पण त्या कवितेत घाबरलेला माणूस कुठेच सापडत नाही. आक्रोश असतो, आवेश असतो, भीती नसते. कारण भीतीला आवाज नसतो. ती माणसाच्या वागण्यात उतरते.

२३ मे २०१९ चा दिवस आठवतो. रमजान चालू होता. झेंडीगेटच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका चाचांचे शिलाईचे छोटे दुकान आहे. दुपारपर्यंत निकाल स्पष्ट झाला. शेजारचा दुकानदार, वीस वर्षांचा शेजारी, पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "घ्या चाचा, तोंड गोड करा." त्याच्या मनात काही वाकडे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. चाचा हसले, "मुबारक हो" म्हणाले, पेढा कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवला आणि "रोजा सोडताना खातो" म्हणाले. शेजारी गेल्यावर त्यांनी मशीनला पाय लावला. सुईत दोरा नव्हता. बराच वेळ मशीन तशीच चालत राहिली.

हे दृश्य आपल्या कवितेत का येत नाही? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागची अपेक्षा साधी होती. या मातीतल्या मुसलमानाचे रोजचे जगणे त्याच्याच मराठीत यावे. अस्मितेवर आपण पुष्कळ लिहिले. बिनदोऱ्याच्या मशीनवर कोणी लिहिले नाही.

याचा उत्तम नमुना शोधायला लांब जायची गरज नाही. तो आपल्या नगरच्या किल्ल्यात लिहिला गेला. (शहराचे नाव २०२४ मध्ये सरकारदरबारी अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात अजून नगरच येते.) ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अटक करून या किल्ल्यात आणले. मौलाना आझाद त्यांत होते. येथे त्यांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रे लिहिली, जी तेव्हा पाठवता येणार नव्हती. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपाने आली. आपल्याकडे या पुस्तकातला चहा आणि चिमण्या तेवढ्या प्रसिद्ध आहेत. मला त्यातले एप्रिल १९४३ चे पत्र महत्त्वाचे वाटते. कलकत्त्याला पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले, त्यानंतरचे हे पत्र.

आजारपणाच्या त्या दिवसांत वर्तमानपत्र दुपारी येत असे. जेलरची चाहूल लागली की मौलानांच्या काळजात धडधड सुरू होई. पण त्यांची पाठ दाराकडे असे, त्यामुळे समोर येईपर्यंत चेहरा दिसत नसे. जेलर आला की ते हसून, अंक टेबलावर ठेव अशी खूण करीत आणि पुन्हा लिहू लागत, जणू घाई कशाचीच नाही. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती पोचवण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दाखवली. मौलानांनी नकार दिला. या पत्राचे मोठेपण त्या संयमात आहे असे आपण व्याख्यानांतून सांगतो. मला तसे वाटत नाही. ही सारी शांतता म्हणजे एक सोंग होते, मनातल्या अहंकाराने वठवलेली भूमिका होती, अशी कबुली मौलाना स्वतःच देऊन टाकतात. मोठेपण त्या कबुलीत आहे. मौलानांची पाठमोरी खुर्ची आणि चाचांचा गल्ल्यातला पेढा यांत मला फार अंतर दिसत नाही.

हमीद दलवाईंच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे जमत नाही. पण त्यांची 'इंधन' ही १९६५ ची कादंबरी या बाबतीत आपल्या पुढे आहे. तिथली भीती दिल्लीहून येत नाही. ती गावातल्या ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये, बारीकसारीक कुरबुरींतून साठत जाते, आणि निवेदक आपल्या माणसांनाही सूट देत नाही. आपली निकालानंतरची कविता सगळा दोष निकालावर टाकून मोकळी होते.

निकालाने भीतीला तारीख मिळते, एवढे खरे. १६ मे २०१४ ला निकाल लागला आणि २ जूनला पुण्यात हडपसरला, समाजमाध्यमावरच्या चित्रांवरून उसळलेल्या तणावात, सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता नमाजहून परतताना मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. पण पुढचे पाहा. जून २०२४ मध्ये नगर आणि शिर्डी या आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही जागा विरोधकांनी जिंकल्या आणि आमच्या गल्लीत त्या वेळी पेढे आम्ही वाटले. आता भीती संपली, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करणारा ठराव केला. ज्या कानिफनाथांना आपले लोक शाह रमजान माही सवार म्हणून मानत आले, त्यांची ही यात्रा. गटविकास अधिकाऱ्यांनी ठराव अवैध ठरवला, याची नोंद आपण कृतज्ञतेने घ्यावी. पण यात्रेला बांगड्या, खेळणी घेऊन जाणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात माल भरला की नाही, भरला तर किती, हे कोणत्या कवितेत आहे?

यावर एका ज्येष्ठ मित्राने आक्षेप घेतला. आपणच आपली भेदरलेली माणसे रंगवली तर समाजाचे मनोधैर्य खचेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण धीराची कविता ऐकून घरी परतलेला माणूस रात्री मुलाला हळूच सांगतो, "उद्या टोपी खिशात ठेव, बस सुटल्यावरही काढू नको." त्याला व्यासपीठावरची ती कविता आपली वाटत नाही. अशी कविता लिहिणाऱ्यालाही ती घरी गेल्यावर आपली वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

२०१४ ची माझी कविता मी चाचांना वाचून दाखवली होती. त्यांनी शांतपणे ऐकली, "अच्छी है" म्हणाले आणि माझ्या सदऱ्याचे माप घेऊ लागले. त्यांच्यावर लिहायचे म्हणून गेल्या वर्षी मी पुन्हा बसलो. दोनदा कागद फाडला. त्या पेढ्याचे संध्याकाळी त्यांनी काय केले, हे मी त्यांना अजून विचारू शकलेलो नाही.