घरातले हिम आणि बाजारातले हिम : ग्रँडमा मोझेस यांची हिवाळी चित्रे व त्यांच्या मुद्रित प्रतिकृती

प्रास्ताविक

एखादे चित्र शुभेच्छापत्रावर, दिनदर्शिकेवर किंवा चिनी मातीच्या बशीवर छापून विकले जाऊ लागले की त्याविषयी गंभीरपणे बोलण्याचे आपण टाळतो. लोकप्रियता आणि कलामूल्य यांचे वैर गृहीत धरण्याची सवय आधुनिक कलासमीक्षेने आपल्याला लावली आहे. क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी १९३९ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात रंगीत छापील चित्रे, मासिकांची मुखपृष्ठे व जाहिराती यांची गणना 'किच्', म्हणजे हलक्या व उसन्या अभिरुचीच्या मालात केली. ही विभागणी पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. योगायोग असा की, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अज्ञात अमेरिकन चित्रकारांच्या प्रदर्शनात एकोणऐंशी वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीची तीन चित्रे मांडली गेली. ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस (१८६०-१९६१) हे तिचे नाव. जग तिला 'ग्रँडमा मोझेस' म्हणून ओळखते.

मोझेस यांची हिवाळी दृश्ये १९४६ पासून नाताळच्या शुभेच्छापत्रांवर छापली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी हॉलमार्क या कंपनीने ती आपल्याकडे घेतली आणि त्यांच्या प्रती लक्षावधींच्या संख्येने घरोघरी गेल्या. पडद्यांचे कापड, बशा, जाहिराती यांवरही ही चित्रे अवतरली. या बाजाराने मोझेस यांच्या कलेचे अवमूल्यन केले, असा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. प्रस्तुत लेखात या आक्षेपाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. आक्षेपाचा रोख छपाईवर आहे आणि तो चुकीच्या जागी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हानी झाली असेल तर ती कोणती चित्रे निवडली गेली आणि ती कशी पाहण्यास शिकवले गेले, यातून झाली.

उशिरा हाती आलेला कुंचला

मोझेस यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनविच येथे, दहा भावंडांच्या शेतकरी कुटुंबात झाला. मुलांनी चित्रे काढावीत म्हणून वडील कोरे कागद आणून देत आणि ही मुलगी फळांच्या रसाने ती रंगवी. बाराव्या वर्षी ती दुसऱ्यांच्या शेतघरी कामाला लागली. १८८७ साली विवाहानंतर हे दांपत्य व्हर्जिनियातील शेनान्डोआ खोऱ्यात शेती करू लागले. तेथे त्यांनी लोणी आणि बटाट्याचे काप तयार करून विकले. झालेल्या दहा अपत्यांपैकी पाच बालपणीच दगावली. १९०५ साली कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील ईगल ब्रिज येथे परतले. १९२७ साली पतीचे निधन झाले.

वार्धक्यात मोझेस लोकरीच्या धाग्यांनी चित्रे भरीत असत. संधिवातामुळे सुई धरणे कठीण झाले, तेव्हा रंगकाम सोपे जाईल असे बहिणीने सुचविले. गावच्या जत्रेत मुरंब्याला बक्षीस मिळाले आणि चित्रांकडे कोणी लक्ष दिले नाही, ही हकिकत प्रसिद्धच आहे. १९३८ साली हूसिक फॉल्स येथील औषधांच्या दुकानात दर्शनी काचेत ठेवलेली त्यांची चित्रे लुई कॅल्डर या संग्राहकाने पाहिली व विकत घेतली. किंमत आकारमानावर ठरलेली होती आणि ती अवघी तीन ते पाच डॉलर होती. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये ऑटो कॅलिर यांनी आपल्या गॅलरी सेंट एटिएन या कलादालनात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. कॅलिर हे नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेले कलाविक्रेते होते. क्लिम्ट व शीले यांची ओळख अमेरिकेला करून देण्यात ज्या कलादालनाचा मोठा वाटा आहे, त्याच भिंतींवर या शेतकरी स्त्रीची चित्रे लागली, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. विकण्यासाठी वस्तू तयार करणे हे मोझेस यांच्या आयुष्यात चित्रकलेच्या कितीतरी आधीपासून होते. लोणी, मुरंबा, भरतकाम आणि चित्र या सर्वांची निर्मिती त्यांच्या लेखी एकाच घरगुती अर्थव्यवहारात मोडत होती. त्यामुळे निष्पाप कलावंताला बाजाराने नासविले, ही कल्पना त्यांच्या बाबतीत मुळातच लागू पडत नाही.

हिवाळ्याची चित्रभाषा

मोझेस यांची कार्यपद्धती या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. दाबीव लाकडी फळीवर त्या प्रथम जवसाच्या तेलाचा हात देत आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन थर चढवीत. मग चित्र वरून खाली उतरत असे. आधी आकाश, मग डोंगर, झाडे, घरे आणि शेवटी माणसे व जनावरे. म्हणजे कोणत्याही ऋतूचे चित्र असो, त्याची सुरुवात पांढऱ्या पृष्ठभागानेच होई. हिवाळ्याच्या चित्रात मात्र हा पांढरा रंग झाकला जात नाही. पुढे येणारी प्रत्येक घोडागाडी, प्रत्येक लाल कोट, प्रत्येक काळे झाड या पांढऱ्यावर नोंदीसारखे उमटते. त्यांच्या हिवाळी चित्रांना जी वाचनीयता आहे, तिचे मूळ येथे आहे.

'शुगरिंग ऑफ' हा त्यांचा वारंवार हाताळलेला विषय या संदर्भात पाहता येईल. मेपल वृक्षाचा रस हिवाळ्याच्या अखेरीस, रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब अशा काळात काढला जातो. सुमारे चाळीस भाग रस आटवावा तेव्हा एक भाग पाक मिळतो. मोझेस यांच्या चित्रात झाडांना टांगलेली भांडी, रस वाहून आणणाऱ्या घसरगाड्या, चुलाणावरील कढया, सरपण, आणि हिमावर ओतलेला गरम पाक खाण्यास टपलेली मुले असे सारे एकाच वेळी दिसते. कोणताही एक प्रसंग मध्यवर्ती नाही. दृष्टी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरत राहते आणि एका कामाचे सर्व टप्पे वाचत जाते. शास्त्रशुद्ध यथार्थदर्शनाचा अभाव हा येथे दोष राहत नाही, कारण प्रत्येक कामकऱ्याला चित्रात सारखेच स्थान मिळते.

हे हिम विश्रांतीचे नाही. ते श्रमाच्या ऋतूचे आहे. बाराव्या वर्षापासून दुसऱ्याच्या चुलीपाशी राबलेल्या व्यक्तीने पाहिलेला हा हिवाळा आहे. त्यातील आनंद खरा आहे, परंतु तो काम संपत आल्याचा आनंद आहे.

छापील चित्रापासून छापील चित्राकडे

वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३६ साली मांडलेला सिद्धान्त असा की, यांत्रिक पुनरुत्पादनामुळे मूळ कलाकृतीचे एकमेवत्व व त्याभोवतीचे वलय क्षीण होते. या सिद्धान्तात आधी मूळ व नंतर प्रत, असा क्रम गृहीत आहे. मोझेस यांच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे.

एकोणिसाव्या शतकात करियर आणि आइव्ह्ज या न्यूयॉर्कच्या छापखान्याने स्वस्त शिळाछाप चित्रे अमेरिकन घरांत पोहोचविली. जॉर्ज हेन्री ड्युरी यांची हिमाच्छादित शेतघरे आणि मेपलची साखर करण्याची दृश्ये त्यांत होती. मोझेस यांनी आरंभी अशीच छापील चित्रे व पोस्टकार्डे समोर ठेवून काम केले. पुढेही वर्तमानपत्रे, मासिके व शुभेच्छापत्रे यांतील कात्रणे त्या साठवीत असत. माणसांच्या, घोड्यांच्या व गाड्यांच्या आकृत्या त्या या कात्रणांवरून घेत. डोंगर, आकाश आणि हवा मात्र डोळ्यांनी पाहिलेली असे. उसनी आकृती आणि स्वतःचा भूप्रदेश यांच्या या मिलाफातच त्यांची प्रतिभा आहे. जे छापील कागदातून आले, ते छापील कागदाकडे परत गेले, तर त्यास भ्रष्टता कसे म्हणावे?

महाराष्ट्रातील वाचकास येथे राजा रविवर्मा यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविलेल्या त्यांच्या छापखान्याने तैलचित्रांतील देवदेवता घरोघरी नेल्या. त्या चित्रांवरही 'कॅलेंडरी' असा शिक्का बसला. मात्र दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. रविवर्मा यांचे चित्र दरबारातून घराकडे गेले. मोझेस यांचे चित्र घराच्या भिंतीवरील छापील चित्रापासून सुरू झाले आणि कलादालनातून वळसा घेऊन पुन्हा घराच्या भिंतीवर आले.

चमकीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मोझेस हिमावर चमकी पसरीत असत. जाणकारांना ती रुचत नसे, कारण ती शुभेच्छापत्रांची जुनी क्लृप्ती होती. मोझेस यांचे म्हणणे एवढेच की, उन्हात हिम खरोखरच चमकते. त्यांच्या दृष्टीने तो निरीक्षणाचा भाग होता. जाणकारांनी जिला बाजारी युक्ती मानले, ती त्या चित्रकाराची वास्तवनिष्ठा होती.

निवडीचा प्रश्न

तरीही बाजाराला संपूर्ण निर्दोष ठरविता येणार नाही. मोझेस यांनी पंधराशेहून अधिक चित्रे काढली. त्यांत वादळे आहेत, ट्रॉय शहराला १८६२ मध्ये लागलेली आग आहे, धुण्याचा दिवस आहे, घर बदलण्याची धांदल आहे, गोधडी शिवण्यासाठी जमलेल्या बायका आहेत. नाताळच्या शुभेच्छापत्राला यांतील बहुतेकांचा उपयोग नव्हता. त्यास हवे होते हिम, घसरगाडी आणि उजळलेले घर. महायुद्ध नुकतेच संपलेल्या देशाला घरी परतण्याचे चित्र हवे होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे एका व्यापक चित्रसृष्टीतील एकच ऋतू आणि त्या ऋतूतीलही केवळ सण पुढे आला. शिवाय पन्नासेक आकृत्यांचे चित्र तळहाताएवढ्या कागदावर आले की कामाचे टप्पे दिसेनासे होतात आणि केवळ प्रसन्न वातावरण उरते. श्रमाचे हिम येथे सजावटीचे हिम होते.

दुसरा परिणाम नावाचा. 'ग्रँडमा' हे संबोधन एका वर्तमानपत्राने रूढ केले. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये गिम्बेल्स या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानाने चित्रे मांडून त्यांना व्याख्यानासाठी बोलाविले, तेव्हा त्या आपल्या मुरंब्याविषयी बोलल्या आणि लोक भारावले. एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने लिपस्टिकच्या जाहिरातीसाठी त्यांचे चित्र वापरले. आजीची प्रतिमा विकली जाऊ लागली, तशी चित्रकाराची दृष्टी दुर्लक्षित झाली. लक्षात घेण्यासारखे हे की, या प्रतिमेचा वापर चाहत्यांनी केला तितकाच टीकाकारांनीही केला. एकाने आजी म्हणून कौतुक केले, दुसऱ्याने आजी म्हणून हिणविले. चित्र दोघांनीही नीट पाहिले नाही.

मोझेस यांच्या कामातील मर्यादाही मान्य करावयास हव्यात. मागणीनुसार एकाच विषयाच्या अनेक आवृत्त्या त्यांनी केल्या आणि त्यांपैकी सर्वच समान ताकदीच्या नाहीत. काहींत आकृत्यांची गर्दी ठोकळेबाज वाटते. पाच अपत्ये गमावलेल्या या स्त्रीच्या चित्रसृष्टीत मृत्यूला जवळजवळ प्रवेश नाही. हा संयम म्हणावा की पलायन, हा प्रश्न खुला आहे. पण तो प्रश्न विचारण्यासाठीही चित्राला आधी समीक्षेचा विषय मानावे लागते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मोझेस यांच्या हिवाळी चित्रांचे मुद्रण हे त्यांच्या कलेवर बाहेरून आलेले संकट नव्हते. छापील चित्र हा त्या कलेचा उगमही होता. दुसरा असा की, बाजाराची खरी सत्ता छपाईच्या यंत्रात नसून निवडीत असते. कोणता ऋतू, कोणता प्रसंग, कोणते नाव पुढे आणावयाचे हे तो ठरवितो. तिसरा असा की, या निवडीची चिकित्सा न करता केवळ लोकप्रियतेला दूषण देणारी समीक्षा बाजाराचाच निर्णय निमूटपणे स्वीकारते, कारण तिनेही शुभेच्छापत्रावरचे चित्र तेवढे पाहिलेले असते.

२००६ साली 'शुगरिंग ऑफ'ची १९४३ ची आवृत्ती लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीस गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कलासंग्रहालयात मोझेस यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन सुरू झाले आणि त्याचे शीर्षक एका दिवसाच्या चांगल्या कामाचा निर्देश करणारे होते. किंमत वाढल्याने कलामूल्य सिद्ध होत नाही, जसे स्वस्त प्रतींमुळे ते नष्टही होत नाही. परंतु 'काम' हा शब्द त्यांच्या नावाशी जोडला जावा, हे उचित झाले. आपल्याकडील महाविद्यालयांतूनही घरगुती व छापील कलेविषयी शिकवताना ती वस्तू कोठे विकली गेली, याआधी ती कोणत्या श्रमातून आणि कोणत्या दृष्टीतून घडली, हे विचारले जावे. मोझेस यांच्या चित्रांतील हिम तीन थरांनी बनलेले होते आणि त्यावर माणसे काम करीत होती. समीक्षकाने पाहावयाचे ते हेच.