कर्ण आपला नव्हे

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा बारावीत, गावच्या वाचनालयातली कव्हर गेलेली प्रत. तेव्हा मी रडलो होतो. उगाच शहाणपणा कशाला करू? 'सूतपुत्र' हा शब्द कुणी कर्णाच्या तोंडावर फेकला की मला माझ्या गावचा पार आठवायचा, आणि तो शब्द मलाच लागायचा. आपल्यातल्या कितीतरी पोरांचं असंच झालंय. आमच्या एका कविमित्रानं तर 'सूतपुत्र' हेच टोपणनाव घेतलं.

तिसऱ्यांदा वाचायचं कारण वेगळं. इथं छत्रपती संभाजीनगरात (आमचे म्हातारे औरंगाबादच म्हणतात) एका कॉलेजात मी एम.ए. करतो. मागच्या वर्षी मराठीच्या पेपरात पहिला आलो. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली अन् म्हणाले, "हा आमचा कर्ण. रक्तातलं तेज लपत नाही बघा. ह्याच्या घराण्यात मागं कुणीतरी मोठं असणार." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. रात्री होस्टेलवर लक्षात आलं की च्यायला, ही शिवी होती. माझा बाप जाधववाडीच्या मोंढ्यात हमाली करतो. मागं मोठं कुणी नाही. रॉकेलच्या दिव्यावर वाचत बसलेली माझी आई सोडली तर.

तेव्हा पुस्तक परत काढलं.

कादंबरीचं सगळ्यात मोठं प्रतीक म्हणजे सूर्य, आणि त्याच्या जोडीला कवचकुंडलं. प्रश्न एवढाच, की ही प्रतीकं काय सांगतात? कर्ण मोठा का? तर तो सूर्याचा, कुंतीचा मुलगा म्हणून. लोक त्याला सूतपुत्र म्हणतात ही चूक, ती चूक वाचकाला सलते, आणि आपण हळहळतो. पण हळहळ कशाची? माणसाला जातीवरून हिणवलं याची, की *क्षत्रियाला* सूत समजून हिणवलं याची? ही दोन दुःखं वेगळी आहेत. मला वाटतं कर्णाच्या कथेत दुसरं दुःख मोठं होतं आणि पहिलं त्याच्या सावलीत मरतं.

परशुरामाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. गुरू मांडीवर झोपलेला, किडा मांडी पोखरतोय, रक्त वाहतंय, पोरगा हलत नाही. गुरू उठतो आणि ओळखतो, की एवढं सोसणारा ब्राह्मण नसणार, हा क्षत्रिय! आता बघा, सोसणं सुद्धा वर्णावर वाटून दिलंय. सोसायचीच परीक्षा असेल तर हजारो वर्षं मांडीत किडा घेऊन बसलेले कोण होते? आमच्याकडं बघून कुठल्या ऋषीनं आम्हाला क्षत्रिय म्हटलं नाही.

कवचकुंडलांचंही तेच. ती जन्माला येताना अंगावर असतात, कातडीसारखी. पेशवाईत आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं आलं ते जन्माला येताना चिकटलेलं नव्हतं. ते बांधणारे हात होते. आमचं प्रतीक शोधायचं तर त्या हातांसकट शोधावं लागेल. कातडीत मुरलेलं मोठेपण नको आणि कातडीत मुरलेलं नीचपणही नको.

सावंतांचं श्रेय नाकारू नये. कर्णाला त्यांनी स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं, आणि सहा निवेदकांमध्ये शोण आणि वृषाली यांनाही जागा दिली. हे दोघं खरे सूत. पण ते बोलतात कशाबद्दल? कर्णाबद्दल. शोणाचं मोठेपण दादावरच्या मायेत, वृषालीचं पतीवरच्या निष्ठेत. अधिरथ-राधा प्रेमळ आहेत, बस. सूत म्हणून सूत मोठा झालाय, असं एकही माणूस मला त्या जाड पुस्तकात भेटलं नाही.

शिवाय सूत म्हणजे अस्पृश्य नव्हेत. मनूच्या हिशेबात क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांची ती संतती. राजाच्या रथावर बसणारी माणसं. आणि अंगदेशाचं राज्य मिळाल्यावर कर्णानं इतर सूतांसाठी काय केलं? महाभारत गप्प आहे. तो दुर्योधनाच्या उपकारात बुडाला आणि भर सभेत द्रौपदीला वाईट बोलला. आपल्यातही ज्यांना ज्यांना अंगदेश मिळाले ते काय करतात, हे निवडणुकीच्या दिवसांत बघा.

कुणी म्हणेल, आपल्या लोकांनीही क्षत्रियत्व मागितलं होतं. खरं आहे. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली लष्करभरतीसाठी अर्ज लिहिला, त्यात आपण मूळचे क्षत्रिय असं म्हटलं होतं. बाबासाहेबांनीही १९४६ च्या ग्रंथात शूद्र हे मूळचे क्षत्रिय असं मांडलं. पण तो इतिहासाचा शोध होता, माणूसपणाचा दाखला नव्हता. दाखला मागायचं १९५६ ला नागपुरात संपलं.

एक योगायोग सांगतो. 'मृत्युंजय' आलं १९६७ साली. त्याच साली याच शहरात 'अस्मिता' निघालं, पुढं त्याचंच 'अस्मितादर्श' झालं. एकीकडं सूर्यपुत्र घरोघर गेला, दुसरीकडं नागसेनवनातली पोरं म्हणत होती की आमचा बाप आम्हाला माहीत आहे, तो लपवायचा नाही. कर्णापेक्षा मला एकलव्य जवळचा वाटतो. त्याला ना सूर्य ना कुंडलं. जे आलं ते हातानं केलेल्या सरावातून आलं. पण अंगठा मुकाट्यानं कापून दिला हे मला त्याच्याबद्दलही खटकतं. त्यावर पुन्हा कधीतरी.

हे सगळं मी आमच्या कविमित्राला वाचून दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, पण तो शब्द मला लागतो ना." मी म्हटलं, लागू दे, मलाही लागतो. त्याची कविता या अंकात आहे. खाली 'सूतपुत्र' ठेवायचं की आईनं ठेवलेलं नाव टाकायचं, हे त्यानं अजून कळवलेलं नाही. स्टेन्सिल उद्या कापायची आहे.